विमाने आकाशात, माणसे उन्हात

आमच्या कार्यालयासमोरच्या चहाच्या टपरीवर अलीकडे एक विषय अधूनमधून निघतो. जळगावची नगरपालिका मार्च २००३ मध्ये महानगरपालिका झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये धुळ्याचीही झाली. म्हणजे २०२८ साली खान्देशातल्या या दोन्ही महापालिकांना पंचवीस वर्षे पूर्ण होतील. रौप्यमहोत्सव म्हटला की आपल्याकडे काय काय होते हे वाचकांना सांगायला नको. कमानी उभ्या राहतात. स्मरणिका निघते आणि तिची निम्मी पाने शुभेच्छांच्या जाहिरातींनी भरतात. सत्कार होतात, शाली वाटल्या जातात, रात्री ऑर्केस्ट्रा होतो. पण परवा एका तरुण सहकाऱ्याने मोबाईल आमच्या नाकासमोर धरला आणि म्हणाला, "भाऊ, हे पाहा. रायपूरवाल्यांनी केलं. आपल्याकडे का होऊ नये?"

त्या मोबाईलवर नवा रायपूरचा सेंध तलाव दिसत होता. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. त्या राज्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ५ नोव्हेंबर २०२५ रोजी हवाई दलाच्या 'सूर्यकिरण' पथकाने या तलावावर विमानांच्या कसरती केल्या. नऊ विमाने, मागे धुराच्या रेघा आणि खाली काठावर माना वर करून उभी असलेली अफाट माणसे.

आम्ही विचारले, "पण खालची व्यवस्था कोण बघणार? त्याचा खर्च कोणत्या खात्यात टाकणार?"

टपरीवर हशा पिकला. "यांना विमानाच्या आधी व्हाउचर दिसतं!"

हसू आम्हालाही आले. बी.कॉम. होऊन वीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाला दुसरे काय दिसणार? पण खरे सांगायचे तर त्या वेळी आमच्या डोळ्यांपुढे व्हाउचर नव्हते. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर डोळे पांढरे करून बसलेला आमच्याच वस्तीतला एक पोरगा होता.

बारा ते एक

१२, १३ आणि १४ जानेवारी २०२४ असे तीन दिवस हवाई दलाने राज्य शासनाच्या सहकार्याने मुंबईला मरीन ड्राइव्हवर विमानांच्या कसरती ठेवल्या होत्या. वेळ दुपारी बारा ते एक. तिकीट नाही. चौदा तारखेला रविवार पडत होता. आमच्या वस्तीत समाजमंदिराच्या ओट्यावर संध्याकाळची अभ्यासिका चालते. तिथल्या आठवी-नववीच्या मुलांनी ही बातमी वाचली आणि आमचे डोके खाल्ले. शेवटी सात मुले, आम्ही उभयता आणि आग्रहाने बरोबर निघालेले नाना अशी दहा जणांची स्वारी शनिवारी रात्रीच्या गाडीने जनरलच्या डब्यातून निघाली.

नाना म्हणजे डाळ मिलमध्ये हमाली करून थकलेले आमचे शेजारी. मूळचे अमळनेरकडच्या एका खेड्यातले. त्यांच्या लहानपणी कधीमधी विमानाचा आवाज आला की बाया हातातले काम टाकून अंगणात येत आणि पोरे "इमान उनं, इमान उनं" ओरडत शिवारापर्यंत धावत. दिसायचा तो एक पांढरा ठिपका. "पंच्याहत्तरी आली, पण विमान असं खालून, जवळून काही पाहिलं नाही," एवढेच कारण त्यांनी आम्हाला दिले. त्यापुढे नाही म्हणण्याची आमची छाती झाली नाही.

सकाळी मुंबईत उतरलो. घरच्या भाकऱ्या, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी होती. स्टेशनवर नळाचे पाणी बाटल्यांत भरून घेतले आणि चालत चर्चगेटमार्गे समुद्रावर पोचलो. तेव्हा दहा वाजले असतील. जागा मिळावी म्हणून लवकर गेलो, ही पहिली चूक. दोन तास उन्हात बसावे लागेल, हा हिशेब आम्ही केला नव्हता. जानेवारीचा महिना, समुद्राचा वारा, मग ऊन कसले, असे आम्हाला वाटले. अकरा वाजता बाटल्या रिकाम्या झाल्या. पाणी विकणारे होते, पण दहा माणसांना बाटल्या घ्यायच्या म्हणजे परतीच्या खर्चाला हात लावावा लागणार. आम्ही म्हणालो, "एकदा विमानं होऊ द्या, मग घेऊ." ही दुसरी चूक, आणि तिची जबाबदारी पूर्णपणे आमची.

बारा वाजले आणि आकाश फाटल्यासारखा आवाज झाला. पुढचा तासभर काय पाहिले ते सांगायचे तर मुलांनाच विचारायला हवे, कारण आम्ही निम्मा वेळ मुलांच्या तोंडाकडे पाहत होतो. आकाशगंगा पथकाचे जवान छत्र्या उघडून खाली तरंगत आले. मोराचे चित्र रंगवलेली 'सारंग' पथकाची हेलिकॉप्टरे एकमेकांना घासून गेल्यासारखी गेली. सारंग म्हणजे मोर हे एका मुलीने आम्हालाच सांगितले. सुखोई सरळ उभे चढले तेव्हा छातीत धडधड झाली. आणि मग ती लाल-पांढरी नऊ विमाने, सूर्यकिरण. एका ओळीत वळत होती, विखुरत होती, पुन्हा जुळत होती. दोन विमानांनी धुराने आकाशात मोठा बदाम काढला. नाना टाळ्या वाजवत नव्हते. दोन्ही हात कपाळाशी धरून, ऊन अडवून पाहत होते आणि तोंडाने हळूच तेच, "इमान उनं रे..."

तेवढ्यात मागे गलका झाला. आमच्यातला सर्वांत लहान पोरगा, आठवीतला, बसल्या जागी कलंडला होता. अंग तापलेले, ओठ कोरडे. आमच्या सौभाग्यवतीने पदराने वारा घालायला सुरुवात केली. बंदोबस्तावरच्या एका पोलीस ताईंनी धावत येऊन स्वतःच्या बाटलीतले पाणी त्याच्या तोंडावर मारले, दोन घोट पाजले आणि आम्हाला चांगले सुनावले. "काका, पोरं आणता आणि पाणी आणत नाही?" त्यावर आम्हाला उत्तर नव्हते. पोरगा दहा मिनिटांत सावध झाला आणि पहिला प्रश्न विचारला, "बदाम संपला का?"

पाच मीटर

घरी परतल्यावर मुलांच्या प्रश्नांनी आमची पाठ सोडली नाही. वाचनालयात बसून, माहीतगारांना विचारून जे हाती लागले ते इथे थोडक्यात देतो, कारण ते वाचकांच्या घरातल्या मुलांनाही हवे असेल.

सूर्यकिरण पथक १९९६ साली बीदरला सुरू झाले. बीदर म्हणजे आपल्या उदगीरच्या पलीकडे, काही परमुलूख नव्हे. सुरुवातीला त्यांच्याकडे देशातच बनलेली 'किरण' जातीची विमाने होती. प्रशिक्षणाला विमाने कमी पडू लागली म्हणून २०११ साली पथक थांबवले गेले. काही वर्षांनी 'हॉक' विमाने घेऊन ते पुन्हा उभे राहिले. कसरतीच्या वेळी दोन विमानांमधले अंतर जेमतेम पाच मीटर असते. पाच मीटर म्हणजे आपल्या वस्तीतल्या एका खोलीच्या दारापासून पलीकडच्या खोलीच्या दारापर्यंत, आणि तेही एस.टी.च्या दहापट वेगात.

धुराचे कोडे सोपे आहे. धुरासाठी वेगळे तेल विमानाबरोबर नेतात. इंजिनातून तापलेला वायू जिथून बाहेर फेकला जातो तिथे ते तेल बारीक धारेने सोडतात. क्षणात त्याची वाफ होते, बाहेरच्या गार हवेत ती थिजते आणि दाट पांढरे धुके तयार होते. तेलात रंग मिसळला की रेघ रंगीत होते. तापलेल्या तव्यावर तेलाचा थेंब पडला की जो धूर उठतो, त्याचाच हा मोठा भाऊ म्हणा ना.

आणि आवाजाची गंमत अशी. आवाज एका सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. विमान एक किलोमीटरवर असेल तर आपल्या कानावर येतो तो आवाज तीन सेकंद जुना असतो. तेवढ्यात विमान अर्धा किलोमीटर पुढे निघून गेलेले असते. आधी वीज दिसते आणि मग गडगडाट ऐकू येतो, तसेच. म्हणून आवाज येतो तिकडे पाहिले की आकाश रिकामे दिसते. पुढे पाहावे लागते.

हा खेळ दिसायला देखणा असला तरी खेळणाऱ्याच्या जिवाशी आहे. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी बेंगळुरूच्या प्रदर्शनाआधी सराव करताना सूर्यकिरणची दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि एका वैमानिकाचा प्राण गेला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी दुबईच्या प्रदर्शनात आपले 'तेजस' विमान कोसळले. त्याचा वैमानिकही गेला. कसरती बहुधा समुद्रावर, तलावावर किंवा मोकळ्या धावपट्टीवर ठेवतात, त्यामागे हेच मोठे कारण असते. विमानाच्या खाली माणसांची वस्ती असू नये.

विमान आणि जत्रा यांचे नाते आपल्या देशात जुने आहे, हेही जाता जाता सांगतो. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादच्या प्रदर्शनात आलेल्या हेन्री पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे घेऊन नदीपलीकडच्या नैनीपर्यंत उड्डाण केले. जगातली पहिली अधिकृत हवाई टपाल फेरी म्हणून ती ओळखली जाते. लोक तमाशा पाहायला जमले होते. तमाशातून टपालाची सोय निघाली. पुराणातल्या विमानांच्या गोष्टी आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकल्या, पण त्यांतून कुणाचे पत्र आल्याचे ऐकिवात नाही.

मरीनावरचे पाच जण

आमच्या मुंबईच्या फेरीला नऊ महिने झाले असतील. ६ ऑक्टोबर २०२४, रविवार. हवाई दलाच्या ९२ व्या वर्धापनदिनानिमित्त चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर कसरती होत्या. वेळ अकरा ते एक. बहात्तर विमाने. चेन्नईला एकवीस वर्षांनी असा कार्यक्रम होत होता, त्यामुळे सारे शहर लोटले. गर्दीचा अंदाज पंधरा लाखांचा सांगितला गेला. लोक सकाळपासून वाळूत बसले होते. कार्यक्रम ठरल्याप्रमाणे पार पडला, विमाने सुखरूप परत गेली. आणि मग पंधरा लाख माणसे एकाच वेळी उठून घराकडे निघाली. रस्ते तुंबले, लोकल गाड्यांच्या फलाटांवर पाय ठेवायला जागा उरली नाही. दोनशेच्या वर माणसे भोवळ येऊन पडली. पाच जण मरण पावले.

चेंगराचेंगरी झाली नाही, ती माणसे उन्हाने गेली, असे शासनाच्या वतीने सांगण्यात आले. येताना छत्री, टोपी, पाणी आणा असे आधीच कळवले होते, असेही सांगितले गेले. प्रत्येक मृताच्या कुटुंबाला पाच लाख रुपये जाहीर झाले.

ही बातमी आम्ही घरात मोठ्याने वाचली आणि मध्येच थांबलो. सौभाग्यवतीने विचारले, "आपला पोरगा त्या दिवशी पाण्यावाचून अजून अर्धा तास बसला असता तर?" तिने आणखी काही विचारले नाही. पण त्या दिवसापासून आम्ही ही गोष्ट मनाशी पक्की धरली आहे. 'चेंगराचेंगरी नव्हती' हे उत्तर पुरेसे नाही. पंधरा लाखांना बोलावले तर पंधरा लाखांच्या पाण्याचा, सावलीचा आणि परतीच्या वाटेचा हिशेब बोलावणाऱ्याने आधी मांडायचा असतो. पाहुण्याने पाणी घरून आणावे असे सांगणे ठीक आहे, पण यजमानाच्या घरी माठ असायलाच हवा. आम्ही सात मुलांचा हिशेब चुकलो आणि आम्हाला एका पोलीस ताईने वाचवले. प्रत्येकाच्या पाठीमागे ती ताई उभी नसते.

गोंदूर, कुसुंबा, तांडे

आता खान्देशातल्या विमानांविषयी. आमची धाकटी बहीण धुळ्याला देवपुरात असते. तिच्या गच्चीवर उभे राहिले की गोंदूरच्या धावपट्टीकडून लहान लहान विमाने घुंघुं करत चकरा मारताना दिसतात. १९२८ साली जुहूला सुरू झालेला बॉम्बे फ्लाइंग क्लब, ज्यात जे. आर. डी. टाटांनी शिकून १९२९ साली देशातला पहिला वैमानिक परवाना मिळवला, त्या क्लबचे उड्डाण-प्रशिक्षण पुढे गोंदूरला आले. जळगावच्या कुसुंब्याजवळच्या विमानतळाचे नव्या स्वरूपात उद्घाटन २०१२ साली तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले आणि डिसेंबर २०१७ मध्ये 'उडान' योजनेतून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. २०२१ साली विमानतळ प्राधिकरणाने देशातल्या ज्या पाच विमानतळांवर वैमानिक प्रशिक्षण संस्था काढायचे ठरवले, त्यांत बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो, लीलाबारी यांच्याबरोबर जळगावही होते. शिरपूरजवळ तांडे येथेही धावपट्टी आहे आणि तिथेही वैमानिक घडतात.

म्हणजे तसे पाहिले तर विमान आपल्याला नवे नाही. आपल्या डोक्यावर ते रोज आहे. पण देवपुरातल्या आमच्या भाच्याला आम्ही विचारले, "त्या विमानात कोण बसतं रे?" तर तो म्हणाला, "मामा, बाहेरगावची पोरं." त्याच्या उत्तरात तक्रार नव्हती. पावसाळ्यात पाऊस पडतो इतक्या सहज तो बोलला. आम्हाला मात्र ते लागले.

या विमानांशी आपल्या माणसांची गाठ कशी पडते त्याचा एक प्रसंग खान्देश विसरलेला नाही. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरच्या प्रशिक्षण केंद्राचे एक विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी कोसळले. शिकवणारे वैमानिक जागीच गेले. शिकणारी तरुणी गंभीर जखमी झाली. तिथे गाडी जायला रस्ता नव्हता, स्ट्रेचर तर नव्हतेच. जवळपासचे आदिवासी बांधव धावत आले. एका भिल्ल भगिनीने नेसूचे लुगडे सोडून दिले, त्याची झोळी केली आणि त्या झोळीतून जखमी मुलीला बाहेर आणले. जी बाई जन्मात विमानात बसलेली नाही, तिच्या लुगड्याने विमानातल्या मुलीला उचलले. त्या वेळी तिचे कौतुक झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. पण आम्हाला वाटते, त्या भगिनीच्या नातीला कुणीतरी गोंदूरच्या किंवा कुसुंब्याच्या कुंपणाच्या आत नेऊन विमान दाखवावे.

"काका, यात बसायला काय लागतं?"

मुंबईहून परतताना गाडीत नववीतल्या एका मुलीने आम्हाला हा प्रश्न विचारला होता. तिचे वडील नळजोडणीची कामे करतात, आई चार घरची धुणीभांडी. आम्ही तेव्हा "सांगतो नंतर" म्हणून वेळ मारून नेली. कारकुनाला हे उत्तर चांगले जमते. पण ती दर आठवड्याला विचारत राहिली आणि आम्हाला शोधावेच लागले.

खाजगी संस्थेत शिकून व्यावसायिक वैमानिकाचा परवाना काढायचा तर दोनशे तासांचे उड्डाण लागते आणि खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. हे ऐकून बहुतेक पालक तिथेच उठतात. पण केंद्र शासनाच्या अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत अभ्यासक्रमांचे गट केलेले आहेत, त्यांतल्या पहिल्या गटात डॉक्टर-इंजिनिअरबरोबर व्यावसायिक वैमानिक परवानाही येतो. सारा खर्च त्यातून भागेल अशी आशा आम्ही लावणार नाही. मात्र यादीत आपले नाव आहे हे तरी माहीत हवे. बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या कायदादुरुस्तीनंतर मिळू लागल्या. त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला लागतो. तो दहावीच्या सुट्टीतच काढून ठेवावा. ऐनवेळी तहसीलच्या पायऱ्या झिजवणारे पालक आम्ही रोज पाहतो.

दुसरी वाट बिनपैशाची आहे, पण चढणीची. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. तिथे आरक्षण नाही, पण प्रशिक्षणाचा खर्च सरकारचा. परीक्षा वर्षातून दोनदा असते आणि अनुसूचित जातीच्या उमेदवारांना व मुलींना तिचे शुल्क माफ आहे. हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. मुलींना ही परीक्षा नोव्हेंबर २०२१ पासून देता येऊ लागली. पहिल्या तुकडीतल्या १७ मुली मे २०२५ मध्ये तिथून बाहेर पडल्या. या परीक्षेची तयारी करून घेणारी राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे, आणि २०२३ पासून मुलींसाठी नाशिकला आहे. मुले दहावीत असतानाच तिची निवड परीक्षा होते. आमच्या अभ्यासिकेतल्या एकाही पालकाला हे माहीत नव्हते. आम्हालाही नव्हते, हे कबूल करतो.

तिसरी वाट अग्निवीर वायूची. २०२२ पासून हवाई दलात जवानांची भरती या मार्गाने होते. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर चारांतला एक कायम. ज्या घरात बापाची नोकरीच रोजंदारीची आहे तिथे मुलालाही चार वर्षांची रोजंदारी, असे काही जण म्हणतात. त्यांचे म्हणणे आम्हाला खोडता येत नाही. तरीही ज्याला जायचे आहे त्याने डोळे उघडे ठेवून जावे.

त्या मुलीने दहावीत नाशिकच्या संस्थेची परीक्षा दिली. निवड झाली नाही. दोन दिवस ती अभ्यासिकेत आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती अकरावी शास्त्र शाखेचा अर्ज घेऊन. वडील म्हणाले, "कॉमर्स घे, भाऊंसारखी नोकरी लागेल." आम्ही त्यांना सांगितले, "बाबा रे, भाऊंसारखी नोकरी आता भाऊंच्या पोरालाही लागत नाही." शास्त्र शाखेलाच प्रवेश घेतला.

जमिनीवरचा अर्ज

तर टपरीवरच्या मित्रांनो, रौप्यमहोत्सवाला विमाने यावीत असे आम्हालाही वाटते. नानांसारखी शेकडो म्हातारी माणसे या दोन जिल्ह्यांत आहेत, त्यांना मुंबईपर्यंत जाता येणार नाही. म्हणून आम्ही महापालिकेला द्यायच्या अर्जाचा कच्चा मसुदा करायला घेतला आहे. वरचे आकाश हवाई दल सांभाळील. मसुदा जमिनीविषयी आहे.

पहिला मुद्दा तारखेचा. दप्तरातली तारीख मार्चची आहे म्हणून जळगावात मार्चमध्ये दुपारी कसरती ठेवू नयेत. मार्चअखेर आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. चेन्नईत ऑक्टोबर होता तरी पाच गेले. वाढदिवस दोन महिने अलीकडे-पलीकडे साजरा केल्याने शहराचे वय बदलत नाही. थंडीत ठेवा, सकाळी ठेवा. जागेचे हवाई दलच ठरवील, पण मेहरूण तलावाभोवती आता चहूकडे वस्ती झाली आहे, हे आपण प्रामाणिकपणे सांगावे. धुळ्याचा नकाणे तलाव निदान शहराबाहेर आहे.

पाणी टँकरने नव्हे, जागोजागी नळ लावून द्यावे. टँकर गर्दीत शिरत नाही. बायकांसाठी स्वच्छतागृहे हवीत. ती नसली की बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि भोवळ येऊन पडतात त्या त्याच. प्रत्येक मेळाव्यात आम्ही हे पाहिले आहे. मैदानातली एकमेव सावली पाहुण्यांच्या मंडपाखाली जाऊ नये. म्हातारी माणसे आणि लेकुरवाळ्या बाया आधी सावलीत, मग पाहुणे. एस.टी.च्या जादा गाड्या कार्यक्रम संपल्यावर एकाच वेळी न सोडता टप्प्याटप्प्याने सोडाव्यात. विमाने गेल्यावर तासभर शाळांचे लेझीम, बँड काहीही ठेवावे, म्हणजे सगळी गर्दी एकदम उठणार नाही.

आमच्या वस्तीतले निम्मे लोक त्या दिवशी भेळ, काकडी, फुगे विकायला जातील. त्यांना हुसकावू नये, जागा आखून द्यावी. चार पैसे मिळतील ते त्यांच्याही रौप्यमहोत्सवाचे.

आणि सफाई कामगार. गर्दी घरी गेल्यावर मैदान साफ करायला तेच येणार. त्यांच्या कामाची पाळी अशी लावावी की विमाने आकाशात असतील तेव्हा त्यांच्या हातात झाडू नसेल. त्यांच्या मुलाबाळांना पुढची जागा द्यावी. हा मुद्दा वाचून एक सहकारी म्हणाला, "भाऊ, हे कुणी मान्य करणार नाही." आम्ही तो खोडलेला नाही. मसुद्यात क्रमांक चारवर आहे.

अर्जाला वेळ आहे. दरम्यान येत्या रविवारी अभ्यासिकेच्या मुलांना घेऊन आम्ही धुळ्याला निघालो आहोत. गोंदूरच्या कुंपणाबाहेर उभे राहून विमाने चढताना-उतरताना पाहायची एवढाच बेत आहे. नानाही येणार आहेत. बहिणीला फोन केला तर ती म्हणाली, "भाऊ, या सगळे, भाकरी माझ्याकडे. पण तिथं झाड नाही एकही. छत्र्या आणा आणि माणशी दोन बाटल्या पाणी घ्या. आणि नऊच्या आत परत गच्चीवर या, तिथूनही दिसतं."